हौशीरामाची तीन तारांची फिडल

तळेगावच्या शाळेत मी मास्तर होतो आणि वराळ्याच्या सप्ताहात दरसाल पेटी वाजवायला जायचो. माझं डोकं चटकन तापतं आणि हट्टी माणसांशी माझं मुळीच जमत नाही. तरी आयुष्यात ज्या एका माणसापुढे मी गप्प झालो तो अस्सल हट्टीच होता. हौशीराम त्याचं नाव, वराळ्याचाच. घरची भातशेती, आणि शेतातलं सरलं की लोणावळ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा मडमेने आपली फिडल, म्हणजे व्हायोलिन, हौशीरामला देऊन टाकली. झाडांना पाणी घालता घालता तो रोज ती ऐकत उभा राहायचा, हे तिने पाहिलं असावं.

हौशीराम मांडी घालून बसायचा, फिडल छातीशी टेकवायचा आणि अभंग वाजवायचा. शिकवायला कोणी नव्हतं. गावात तिला साहेबाची सारंगी म्हणून हसायचे, पण तारांवर गज फिरायला लागला की हसणारेच पुढे सरकून बसायचे.

मग एकदा बंगल्यावर नव्या मालकाच्या गाद्या पिंजायला पिंजारी आला. हौशीरामच्या फिडलची तुटकी तार तिथे पडली होती, ती त्याने बोटांत चोळून पाहिली आणि सहज सांगितलं की ही तर आमच्या कमानीवरची तात, मेंढीच्या आतड्याची. हौशीराम माळकरी. त्याच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा चालत नसे. त्याने घरी येऊन आंघोळ केली, फिडलवरची सगळी तात उतरवली आणि पोलादी तारा चढवल्या.

खालच्या तीन तारा बऱ्या बोलल्या. सर्वांत बारीक, वरची तार मात्र नाठाळ निघाली. बोटाखाली दाबली तर नीट वाजायची; मोकळी वाजवली की सुराऐवजी कधी कधी शीळच घालायची. आणि ती लावलेली वरच्या षड्जाला, म्हणजे गाणं चढत चढत जिथे जाऊन टेकतं नेमकं तिथे. मोकळी वाजवू नकोस म्हणून मी कितीदा बजावलं, पण इतक्या वर्षांची हाताची सवय कुठे सुटते? त्या साली दत्तोबा बुवांचं कीर्तन ऐन रंगात आलं, सगळ्यांचे डोळे भरून आले, आणि तारेने शीळ घातली. पोरं खिदळली. बुवांनी तिथल्या तिथे सांगितलं, पुढच्या साली असं झालं तर फिडल घरी ठेवायची. हौशीरामला सप्ताहातली ती बैठक जिवापलीकडे होती. त्याचं तोंड बघवेना.

मी त्याला पुण्याला वाद्यांच्या दुकानात नेलं. दुकानदार भला माणूस. फिडलवर चढवून वाजवून बघा म्हणाला. बारीक तार चढवली, तिने शीळ घातली. जाड चढवली, ती जरा कमी, पण शीळच. शेवटी त्याने एक वेगळी तार काढली, अंगावर बारीक चकचकीत पत्रा गुंडाळलेली. हौशीरामने गज ओढला आणि असा भरीव, गोड सूर निघाला की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्याने डोळे मिटून तीच तार पुन्हा पुन्हा वाजवली. मी पिशवी आवरायला घेतली, काम झालं म्हणून.

तेवढ्यात त्याने विचारलं, पत्र्याच्या आत काय हाय? दुकानदार म्हणाला, तात. हौशीरामने तार उतरवली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि परत दिली.

स्टेशनपर्यंत मी त्याला फाडून खाल्लं. सप्ताहात आपल्या शेजारी बसणाऱ्या अंबाजीच्या पखवाजावर कातडंच आहे ना? तो काय पाप करतो? आणि आतलं दिसतंय कोणाला? हौशीराम फिडल काखेत धरून चालत होता. मग म्हणाला, "मास्तर, अंबाजीचं अंबाजीपाशी. मला एकदा म्हाईत झालं. आता म्हाईत न्हाई आसं धरून कसं वाजवू?"

सप्ताह आला. संध्याकाळच्या कीर्तनाला तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि मी पाहिलं तर फिडलची एक खुंटी रिकामी. बारीक तार त्याने काढूनच टाकली होती. माझं पित्त खवळलं. बुवा काळी पाचमध्ये, म्हणजे फार उंच पट्टीत गाणारे; त्या पट्टीसाठी लोक लांबून यायचे. तीन तारांवर हा त्यांच्या मागे कुठवर धावणार होता?

बुवांचा आवाज चढायला लागला. ती शिळेची जागा आली तशी माझी बोटं पेटीवरच थिजली. हौशीरामचा हात दुसऱ्या तारेवर घसरत वर गेला आणि षड्ज लागला, स्वच्छ. तिथे न थांबता हात आणखी वर गेला, पार तारा टेकतात त्या घोडीजवळ, जिथे बोट ठेवायला जागा नसते, आणि तिथूनही सूर निघत राहिले. बुवा गायचे थांबले. त्यांनी ती ओळ एकट्या फिडलवर सोडली. देवळात बसून देवाची आठवण झाली असं मला क्वचितच होतं, ते तेव्हा झालं. त्याची बायको मुक्ताबाई नंतर म्हणाली की वर्षभर हा माणूस शेतातल्या खोपीत बसून हेच घासत होता.

कीर्तन संपल्यावर बुवांनी रिकाम्या खुंटीचं विचारलं. हौशीरामने पिंजाऱ्यापासून सगळं सांगितलं. बुवांनी त्याचा डावा हात उलटा करून पाहिला. काळी पाचला ताणलेल्या तारेने बोटांची टोकं चिरली होती. हात सोडून बुवा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन. सगळा गाव जमला. मी काळी पाच धरली तर बुवा वाकून हळूच म्हणाले, "मास्तर, आज पांढरी चार."

पट्टी एवढी खाली आणली म्हणजे मला वाटलं बुवांचा घसा बसला. तसं विचारलं.

"माज्या गळ्याला काय झालंय?" बुवा म्हणाले. "त्येच्या तारा जरा सैल होऊ द्या."

हौशीरामने ऐकलं. तो खाली मान घालून एकेक खुंटी सैल करायला लागला. चिरलेल्या बोटांनी सूर लवकर जुळेना. आणि टाळ हातात धरून बुवा त्याचं होईपर्यंत उभे राहिले.