वांग्यात्म कोणाचं

माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

अकोल्याजवळ आमचा भाजीचा मळा होता. चातुर्मास लागला की बाया वांग्याला हात लावत नसत. घरोघरी चंपाषष्ठीपर्यंत वांगं बंद. वांग्यांना कुठं कळतो चातुर्मास? ती बदाबदा लागत. मग बाबा बाजारात ढिगामागे मांडी घालून ओरडायचे, "या मायहो! बाकीच्यायचं अध्यात्म, आपलं वांग्यात्म! आमच्या धरमात एकच नेम, चातुर्मासात वांगं खाच लागते!" वांगं आणि अध्यात्म एकाच भांड्यात घोटून त्यांनी तो शब्द केला. बाया हसायच्या, एखादी पावशेर घ्यायचीही. बाबा गेले, मळा गेला. माझ्याकडे त्यांचा हा शब्द तेवढा उरला.

अमरावतीला शिकताना होस्टेलच्या खोलीत मैत्रिणीला हे मी पोट धरून हसत सांगितलं होतं. चातुर्मासात मेसची वांग्याची भाजी ती माझ्या ताटात सरकवायची, त्यावरूनच विषय निघाला होता.

पुढे बाईसाहेब लेखिका झाल्या. एका दिवाळी अंकात त्यांचा लेख आला: 'वांग्यात्म हा शब्द मला कसा सुचला'. म्हणे स्वयंपाकघरात सुचला. व्युत्पत्ती अगदी फोड करून दिलेली, बाबांचं नाव नाही. मी फोन केला. ती म्हणाली, "अगं, शब्द काय कोणाच्या बापाचा असतो का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बापाचाच होता ना!

मी श्रावणापर्यंत गप्प बसले. अमरावतीत तिचा सत्कार ठरला. पहिल्या रांगेत तिच्या सासूबाई, नेमाधर्माला तिच्याहून कडक. शुभेच्छा द्यायला मी मंचावर गेले आणि हार नाही, डबा उघडला. भरीत. तेल, हिरवी मिरची, वरून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

"वांग्यात्माच्या गुरुमाउली, प्रसाद घ्या."

तिनं सासूकडे पाहिलं. पुस्तकी भाषा गळून पडली. "काहून करून राहिली वं असं? श्रावण आहे, मले चालत नाही!"

माईक चालूच होता. सभागृह खो-खो हसलं. मी माईक ओढला. "हा शब्द माझ्या बाबांनी केला. ते भाजी विकायचे आणि अख्खा चातुर्मास वांगं खायचे." मग तिच्यासमोर उभ्यानंच डबा पुसून खाल्ला. रडू येत होतं, तरी खाल्ला.

पुढच्या अंकात तिनं चार ओळींची दुरुस्ती छापली. ठीक आहे. पण दर श्रावणात मी तिच्या घरी भरताचा डबा पाठवते. दार सासूबाई उघडतात.