टाकेमावशीची आई

कपडे शिवायची म्हणून ती टाकेमावशी. खरं नाव तिचं तिलाच आठवत असेल तर. हाताने सरळ आणि तोंडाने फटकळ बाई. तिच्या दुकानाला लागूनच पिठाची गिरणी, आणि गिरणीवाल्याशी तिचं अगदी विळ्याभोपळ्याचं सख्य. गिरणीतलं पीठ उडून हिच्या कोऱ्या काळ्या कापडावर बसायचं, आणि मग हिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गिरणीची घरघरसुद्धा त्यापुढे फिकी.

रविवारी मात्र मावशी गावाबाहेरच्या टेकडीवर जायची. गावातलं सगळ्यात पहिलं चर्च तिथे होतं. होतं म्हणजे, जोतं आणि दाराची दगडी चौकट एवढंच उरलं होतं. नवं चर्च खाली रस्त्यालगत झालं, तशी जिवंत माणसं तिकडे गेली आणि नंतर मेलेलीही तिकडेच जायला लागली. वरच्या जुन्या दफनभूमीत काटेरी झुडपं माजली. भिंती नसल्या तरी मावशी चौकटीतूनच आत शिरायची. कुठूनही घुसायला आपण काय शेळी आहोत का, असं तिचं म्हणणं.

मागच्या झाडाखाली एक दगड पालथा पडलेला होता. ‘ती बघ तुझ्या आईची कबर,’ असं वडिलांनी लहानपणी लांबूनच बोट करून दाखवलं होतं. आई गेली तेव्हा ही रांगत होती, चेहराही आठवत नव्हता. पण बोलायला चेहरा कशाला लागतो? मावशी दगडाभोवतालचं गवत उपटायची, मांडी घालून बसायची आणि आठवडाभराचं सगळं सांगायची. सुनेपासून सुरू होणारं गाऱ्हाणं शेवटी गिरणीवाल्यावर येऊन ठेपायचं. “त्याला वळणच नाही गं आई. त्याच्या आईने काही शिकवलंच नाही त्याला.”

यंदा तिच्या मनाने घेतलं, दगड नीट उभा करायचा. गवंड्याला घेऊन गेली. त्याने पहार घालून दगड उलटवला, माती झटकली, तर खाली अक्षरं निघाली. नाव होतं गिरणीवाल्याच्या आईचं.

गवंडी पहारीवर रेलून हसत सुटला. “म्हणजे मावशी, इतकी वर्षं तुम्ही त्याची चुगली त्याच्या आईकडेच करत होतात.”

मावशीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यात गवंड्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आणि गिरणीवाला दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला.

“माझ्या आईला काय काय सांगितलंत?”

मावशीने कात्री खाली ठेवली. “सगळं. तुम्हाला वळण नाही, हेही.”

“मग काय म्हणाली?”

“काही नाही. ऐकून घ्यायची.”

“मग पटलं असणार,” तो म्हणाला आणि बाहीने डोळे पुसायला लागला. पोरवयात कामासाठी गाव सोडलेला माणूस. परत आला तेव्हा त्या काट्यांच्या रानात त्याला आईची कबर सापडलीच नव्हती.

आता मावशीचा बांध फुटला. “तुमची आई सापडली हो. माझी कुठे गेली? मन मोकळं करायला मला तेवढी एकच जागा होती.”

गिरणीवाला आला तसा निघून गेला.

नंतर आठवडाभर गिरणी बंद. बरं झालं, कापडं काळीची काळी राहतील, असं मावशी म्हणाली खरी, पण शिवणात लक्ष लागेना. रविवार उजाडला. जायचं तर कुणापाशी बसायचं? तरी सवयीने पाय टेकडीकडे वळलेच.

चौकटीतून आत गेली आणि जागच्या जागी थांबली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही झुडूप उरलं नव्हतं. नावाचे, बिननावाचे सगळे दगड, मातीचे सगळे उंचवटे उघडे पडले होते. मधोमध गिरणीवाला कोयता टेकून बसला होता. हात काट्यांनी नुसते ओरबाडलेले.

“सगळ्या दगडांवरची नावं वाचली. तुमच्या आईचं नाव नाही मिळालं,” तो म्हणाला. “पण आहेत त्या इथेच कुठेतरी. म्हणून सगळंच साफ केलं. तुम्ही बसा कुठेही.”

मावशी होती तिथेच खाली बसली. तिला रडू आवरेना. गिरणीवाला कसाबसा उठला आणि तिच्या शेजारी येऊन टेकायला लागला.

“तुम्ही जरा लांब जा,” ती म्हणाली. “आईला तुमच्याबद्दल सांगायचंय.”