विहिरीतले मासे ओढ्यात सोडले तवा

अगं पोरी, कागदावर का होईना, जरा जवळ सरक. डोंगराच्या पायथ्याला नांदायला गेलीस आन् आईला, चुलतीला विसरलीस व्हय? फोनवर नुसतं "येते, येते"! आता ऐक, आपल्या ओढ्याचं काय झालं ते.

उन्हाळ्यात ओढ्याची डबकी उरली की आपण बाया घमेल्यातून मासे उचलून मळ्यातल्या विहिरीत सोडायचो, तुला ठाऊकच हाय. त्यांना कुणी खायचं न्हाई. बियाणंच ते. पावसाळ्यात ओढा वाहून नदीला लागला की मासे परत ओढ्यात.

गेल्या उन्हाळ्यात डबकी चैतातच तापली. हात घातला तर चटका बसायचा. मासे वर येऊन तोंडं वासत होते. निम्मे घमेल्यातच उलटे झाले. उरलेले विहिरीत सोडले, तर विहिरीचाही तळ दिसायला लागला. रोज सकाळी मी वाकून बघायची, हायती का. एखादा चमकला की माझा जीव भांड्यात पडायचा.

मग पाऊस आला, ओढा नदीला लागला. आम्ही विहिरीत जुनं लुगडं सोडून मासे वर काढले. तुझी आई म्हणाली, "आक्का, निम्मे राहू द्या. आताच्या पावसाचा काय भरवसा?"

"ठेव की, लोणचं घाल त्यांचं!" शेजारीण म्हणाली. आम्ही सगळ्या हसलो. होता न्हवता तेवढा मासा सोडला. पोटात अंडी होती गं त्यांच्या.

दुसऱ्याच दिवशी वरच्या माळावर ढग फुटला. ओढ्याला आलं ते पाणी कसलं, नुसता गाळ आन् दगडं. दगडावर दगड आपटल्याचा आवाज घरापर्यंत येत होता. मळ्यात घुसलेलं पाणी उतरल्यावर मी आन् तुझी आई उसाच्या सरीसरीनं फिरलो. मासे होते, चिखलात, कल्ल्यांत गाळ भरलेले. एक हलला. तुझ्या आईनं तो पदरात घेतला आन् विहिरीकडं पळाली. विहीरही गाळानं भरलेली. तिथंच मटकन बसली. मला एक शब्द बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता ओढा वाहतोय. पाणी नितळ, खालचे गोटे दिसतात, आन् हलत काहीच न्हाई. नदीतनं नवा मासा चढावा तर मधी बंधारा हाय. मी तरी काठावर जाऊन उभी राहते. तुझी आई तिकडं फिरकत न्हाई.

तुमच्याकडच्या ओढ्यात अजून मासे हायती म्हणालीस ना? मग झाकणाच्या बादलीत थोडे घालून आण, वाटेत पाणी हलतं ठेव. न्हाई मिळाले तरी ये. पण लवकर ये गं, ह्यो ओढा आटायच्या आत.