मी त्या दिवशी गैरहजर होतो

आधीच सांगतो, करणी, बाहेरचं, भूतबाधा असलं काही ऐकलं की माझं डोकं तापतं. मी सर्किट जोडणारा माणूस. दिवा लागला नाही तर वायर तपासायची, लिंबू उतरवायचं नाही! तरीही हे लिहितोय, कारण आमच्या ऑफिसात जे झालं ते मला कुठल्याच वायरीत सापडलं नाही.

मी परभणीत एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. दहा ते पावणेसहा नोकरी, आणि सकाळ-संध्याकाळ घराच्या पुढच्या खोलीत माझा धंदा. धंदा म्हणजे एक डबा. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला तो जोडायचा. विहिरीतलं पाणी संपलं की डबा मोटार बंद करतो आणि मालकाला फोन लावून आपल्या बोलीत सांगतो – "हिरीत पानी न्हाई, मोटार बंद केली." आवाज माझाच आहे. ऑफिसात त्यावरून माझी भरपूर चेष्टा व्हायची.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर पालमच्या एका शेतकरी गटानं बोलावलं. बुधवारी डबा चालवून दाखवायचा, पसंत पडला तर गटातल्या सगळ्यांच्या विहिरींवर बसणार. गटाचे मुंजाभाऊ फोनवर म्हणाले, "दुसरा मानूस धाडू नका. ज्यानं बनवला त्यानंच यावं."

मी रजेचा अर्ज दिला. साहेबांनी तो न वाचताच माझ्याकडे परत सरकवला.

"नोकरी करा, नाहीतर खेळणी विका. बुधवारी खुर्चीत दिसला नाहीत तर बघा!"

बारा वर्षांत मी त्यांना कधी उलट बोललो नव्हतो. तेव्हाही अर्ज घडी करून खिशात घातला. पण बुधवारी सकाळी सातच्या एसटीत जाऊन बसलो. खरं सांगतो, गंगाखेड येईपर्यंत दोनदा वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. नाही उतरलो.

दिवसभर मुंजाभाऊंच्या विहिरीवर होतो. दुपारी पाणी तळाला गेलं, मोटार आपोआप थांबली आणि मुंजाभाऊंच्या खिशातल्या फोनवर माझा आवाज बोलायला लागला. सगळे खो खो हसले. "ह्यो डबा तर आपल्यातलाच हाय की!" मुंजाभाऊ म्हणाले. गटानं तिथंच होकार दिला. त्या दिवसाचे फोटो आहेत माझ्याकडे, वेळेसकट.

गुरुवारी ऑफिसात शिरलो तो मेमो घ्यायच्या तयारीनं. साहेब मात्र हसत होते.

"आलात ना काल शेवटी? मला ठाऊक होतं. तुमचा दम तेवढाच!"

"साहेब, मी काल पालमला होतो."

त्यांनी हजेरीचा कागद पुढ्यात टाकला. माझं नाव. सकाळी नऊ अठ्ठावन्नला अंगठा, संध्याकाळी पाच पन्नासला अंगठा. जावक रजिस्टरमध्ये बुधवारच्या सगळ्या पत्रांच्या नोंदी होत्या – माझ्याच वाकड्या अक्षरात.

तुम्ही म्हणाल, कुणीतरी गंमत केली. मीही तेच धरून चाललो होतो. पण माझा उजवा अंगठा रविवारी सोल्डरिंग करताना भाजला होता. हजेरीच्या मशीनमध्ये तेवढाच एक नोंदवलेला. सोमवारी, मंगळवारी मशीननं तो घेतलाच नाही, मी कागदावर सही करत होतो. बुधवारी मात्र तोच अंगठा पहिल्या फटक्यात घेतला! मशीनवाल्यांचा इंजिनिअर आला, आम्ही दोघांनी सगळं उघडून पाहिलं. काही म्हणजे काही सापडलं नाही.

बायको म्हणाली, "जाऊ द्या ना. आयती हजेरी लागली, रजा वाचली." सगळे हेच म्हणत होते. मला मात्र संताप आला होता. जन्मात एकदा हिंमत केली, आणि कागदावरून तीही पुसली जाणार? मी अर्ज लिहिला – बुधवारी मी विनापरवानगी गैरहजर होतो, माझी हजेरी रद्द करावी. साहेबांनी परत केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला, पुन्हा परत आला.

मग ऑफिसात चहा देणाऱ्या शांतामावशींना गाठलं. त्यांना खोटं बोलता येत नाही.

"मावशी, बुधवारी मला पाहिलंत का?"

"म्हंजे? म्याच च्या दिला की. तुमी घेतला न्हाई."

"काही बोललो का मी?"

"खाली मान घालून लिवायलाले व्हते. डोळ्याला पानी व्हतं तुमच्या. म्या म्हनलं, काय झालं सर? तर म्हनले, 'जायचं राहून गेलं, मावशी.'"

पहिल्यांदाच भीती वाटली, आणि रागही गेला नव्हता. तसाच साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो.

"साहेब, इथं जो आला तो मी नाही. मी गेलो होतो. तसं कागदावर घ्या."

"डोकं फिरलंय का तुमचं? मेमो पाहिजे का?"

"हो. पाहिजे."

रागाच्या भरात त्यांनी दिला. ऑफिसातलं टायपिंग माझ्याकडेच असतं, त्यामुळे मेमो मीच टाइप केला. 'विनापरवानगी गैरहजर' हे शब्द टाइप करताना मला जो आनंद झाला, तो नोकरीची ऑर्डर मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

बुधवारी तिथं कोण बसलं होतं, मला आजही सांगता येत नाही. कुणाला कळलं तर जरूर लिहा, पण उपाय सुचवू नका. नोकरी चालू आहे, धंदाही चालू आहे. साहेबांनी रजा नाकारली तर आता तोंडावर सांगून जातो. निघताना फक्त एक करतो... कुणाचं लक्ष नाही असं बघून माझ्या रिकाम्या खुर्चीपाशी वाकतो आणि हळूच म्हणतो, "ऊठ. तूपण चल."