पाण्याखाली न पोचलेली हाक

आमचं घर चिकलठाण्याला, विमानतळाच्या भिंतीपासून फार लांब नाही. दुपारचं विमान उतरताना मांडणीवरची भांडी थरथरतात. त्याच्या बऱ्याच आधी मी बसल्या जागी सांगतो, "आलं!" बायको म्हणते, "पुरे झाली शेखी." तिचं खरं आहे. कानांची शेखी मिरवायची माझी खोड जुनीच आहे, आणि ती केवढ्याला पडली हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं.

मी नौदलात पाणबुडीवर होतो. पाणबुडीला खिडकी नसते. कानाला यंत्र लावून बसायचं आणि कुठलं जहाज कुठून चाललंय ते आवाजावरून सांगायचं, हे माझं काम. कान तयार झाला तो करमाडच्या माळावर, वडिलांची, म्हणजे आबांची, मेंढरं राखताना. चुकलेलं मेंढरू मी घंटेवरून ओळखायचो. पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा ऐटीत सांगून टाकलं, "पाण्याखाली मला दहा कोसांवरचं ऐकू येतं." आबांनी ते गावभर केलं.

मग डोंगरावर लढाई पेटली आणि आम्हाला समुद्रात धाडलं. खाली जाऊन आम्ही गप्प झालो. पायात मऊ चपला, चमचे फडक्यात गुंडाळलेले. ज्याची पाळी नाही त्यानं पडून राहायचं, म्हणजे हवा पुरते. पुऱ्या आल्या की सकाळ, खिचडी आली की संध्याकाळ. सगळ्या घासांना डिझेलचा वास. कानात समुद्रातल्या कोळंब्या तडतडायच्या, अगदी ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशा, आणि त्या आवाजात माझे डोळे मिटायला लागायचे. मग हिरव्या पाण्यात करमाडचा माळ दिसायचा. मेंढरं पाण्यासोबत संथ वरखाली होतायत, मागून आबा चाललेत, आणि त्यांच्या खांद्यावरची घोंगडी भिजत नाहीये. मला त्याचं नवलही वाटायचं नाही.

एकदा एक जहाज थेट आमच्या डोक्यावरून गेलं. त्याच्या पंख्याचा आवाज जवळ येत गेला तसा मी बोटांनी इशारा केला. सगळे होते तिथं थिजले. मी घाबरलो होतो, फार घाबरलो होतो. ते निघून गेलं तेव्हा कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात बराच वेळ तिथंच राहिला.

त्याच दिवसांत आबा गेले. निरोप पाणबुडीपर्यंत आला होता, पण कप्तानानं तो स्वतःजवळ ठेवला. लढाईत तशीच रीत होती. परत फिरता येत नाही, उलट निरोप धाडता येत नाही. मग खाली अडकलेल्या माणसानं दुःख घेऊन करायचं काय? धक्क्याला लागल्यावर कप्तानानं मला समोर बसवून सांगितलं. त्याच्यावर रागावलो नाही असं मी लोकांना सांगतो. खोटं आहे. दोन वर्षं त्याचं तोंड आठवलं की माझ्या मुठी वळायच्या.

करमाडला पोचलो तोवर तेरावा उरकला होता. माय एवढंच म्हणाली, "जाताना तुलाच हाका मारीत व्हते." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत राहिली, वर्षानुवर्षं. मला वाटलं, दुःखानं अबोल झाली असेल.

गेल्या उन्हाळ्यात ती डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आली. दुपारी मेथी निवडत बसली होती. मी सवयीनं म्हणालो, "आलं!" थोड्या वेळानं भांडी थरथरली. विमान गेलं तरी ती माझ्याकडे बघतच होती.

"आबांची हाक आली व्हती का रं तुला?"

"नाही, माय."

"लई लांबचं ऐकू येतं, म्हनला व्हतास."

"जहाजाचं येतं गं. माणसाची हाक नाही पोचत तिथं. मी आपली शेखी मारली होती."

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. "म्हंजी, ऐकून बी तू आला नाईस, असं नव्हतं?"

"तसं नव्हतं, माय," मी म्हणालो. तिनं हात पुढं करून माझा कान धरला, लहानपणी धरायची तसा, पण पिळला नाही.

"लई राग धरला व्हता रं तुझ्यावर," ती म्हणाली. मग पुन्हा मेथी निवडायला लागली. "त्ये मातर समाधानानं गेले. म्हनायचे, ऐकलं असंल पोरानं, निघाला असंल."