ब्रेकला शेंदूर

गेनबाला कामाचं कुणी विचारलं तर तो सांगायचा, धरायचं काम. उताराला लागलेली ट्रॉली धरायची, एवढंच. गावी निघोज्यात असताना बैलगाडी हाकायचा, उतारावर गाडी रोखायचा हात त्याला होता, म्हणून मुकादम रंगरावाने त्याला नेमकं या कामाला लावलं. एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. पिंपरीच्या माळावर औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता, भरावाला मुरूम लागत होता. गेनबा ब्रेकवर, त्याची बायको सगुणाबाई पाट्या उचलायला, आणि दोघांची झोपडी खाणीच्या कडेला.

टेकडीवरच्या खाणीतून रूळ खाली यायचे, ओढ्यावरच्या साकवावर खोलगट व्हायचे आणि पलीकडे थोडे चढून भरावाच्या टोकाशी संपायचे. टोकाला आडवा ओंडका, त्यापुढे मोकळी हवा. भरलेली ट्रॉली वरून सोडली की इंजिन नको, बैल नको. आपल्याच वजनाने उतरायची आणि त्याच जोरावर पलीकडचा चढ चढायची. पण ते टोक खाणीपेक्षा बरंच खाली, त्यामुळे जोर नेहमी उरायचा. तो उरलेला जोर मारायचा गेनबाने. मागच्या फळीवर उभं राहून लांब दांडा दाबला की बाभळीचा ठोकळा चाकावर घासायचा. बैल लागायचे ते रिकामी ट्रॉली वर ओढायला.

ओव्हरसियर उद्धवराव पुण्याचे, वाचनाची आवड असलेले. त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की अमेरिकेत डोंगरावरून कोळसा उतरवायचा असाच एक रूळ होता. पुढे लोक हौसेने त्यात बसायला लागले, तिकीट काढून. मग कोळशाशी संबंधच नाही असे चढउतार मुद्दाम बांधले गेले, निव्वळ किंचाळण्यासाठी. आपल्याकडेही येईल एक दिवस, म्हणाले.

गेनबाला हे पटेना. "आनि ब्रेक कोन धरतो तितं, सायेब?"

धरणारा असतो, उद्धवराव म्हणाले, पण बसणाऱ्यांना तो दिसू नये अशीच इच्छा असते.

हे ऐकून सगुणाबाई नवऱ्याच्या मागे लागली. एकदा बसव. गेनबा दर वेळी नाही म्हणायचा. मुरूम सांडला तर परत भरता येतो, असं त्याचं उत्तर.

खंडेनवमी आली. काम बंद, हत्यारांची पूजा. कुदळी, घण, पहारी धुऊन मांडल्या. गेनबा झेंडू आणायला चिंचवडला गेला होता, तेवढ्यात सगुणाबाईने ट्रॉली धुतली आणि ब्रेकपाशी आली. नवरा रोज संध्याकाळी घरी येतो तो या ठोकळ्याच्या जीवावर, हे तिला पक्कं ठाऊक. नुसतं हळदकुंकू तिला अपुरं वाटलं. तिने मारुतीला करतात तसं केलं. तेलात शेंदूर कालवून ठोकळ्याला चोपडला, आणि वर वाटीभर तेल ओतलं. वाळकी बाभूळ ती, सगळं प्याली.

गेनबाने येऊन पाहिलं, हात जोडले, माळ घातली. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला निघेपर्यंत हात लावायचा नाही, हा रिवाज. त्याने लावला नाही. बोट जरी फिरवलं असतं तरी कळलं असतं.

दसऱ्याच्या दुपारी रंगरावाच्या डोक्यात आलं की यंदा सीमोल्लंघन ट्रॉलीतून. ओढा ओलांडायचा, पलीकडे आपट्याची पानं वाटायची. रंगराव आणि बायामाणसं चढली, सगुणाबाई सगळ्यांत पुढे. मुकादमाला नाही म्हणायची गेनबाची काय टाप! उपरण्याने कपाळ पुसून तो फळीवर उभा राहिला.

अर्ध्या उतारावर त्याने दांडा दाबला. दांडा खाली गेला आणि काहीच झालं नाही. चाक रोज ओरडायचं, आज ओरडेना. तो दांड्यावर पालथा पडला, सगळं वजन टाकलं. ठोकळा गुळगुळीत सरकत होता. साकव खडखडला, ओढा गेला, चढ लागला, आणि समोर ओंडका दिसला. पुढे सगुणाबाईचा पदर उडत होता. उडी टाका म्हणावं तर खाली खडक. ओरडावं तर ओरडून करणार काय? त्याच्याजवळ दांड्याशिवाय काही नव्हतं आणि दांडा त्याचा राहिला नव्हता.

मग धूर निघाला. तेल जळलं, बाभूळ उघडी पडली, चाक एकदाचं किंचाळलं. ट्रॉली ओंडक्यापाशी थांबली, आणि गेनबाचे हात सुटले. ती मागे गेली, थोडी चढली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे, पाळण्यासारखी, आणि शेवटी साकवावर निमूट उभी राहिली.

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. शेंदराचा वास सुटला होता, ठोकळा काळा पडला होता. रंगराव उतरला आणि सरळ ब्रेकसमोर लोटांगण घातलं. देवाने स्वतः धूर होऊन गाडी धरली, म्हणाला. बायांनी सगुणाबाईचे पाय धरले. हिच्या पूजेने वाचलो.

ठोकळा तेलानेच घसरला, हे गेनबाला कळलं होतं. खरं सांगावं तर हीच माणसं तिला खाणीवर उभी करणार नाहीत. आपल्या नवऱ्याला आपणच मारायला निघालो होतो, हे तिला तरी कोणत्या तोंडाने सांगायचं?

घरी गेल्यावर ती म्हणाली, "उतरताना प्वाट असं हलकं झालं, धनी. मला भ्याच वाटलं न्हाई. तुमी व्हता ना मागं."

तो नुसता "व्हय" म्हणाला.

तेव्हापासून दर शनिवारी बाया ब्रेकला तेल घालू लागल्या. गेनबाने तेलाने लाकूड कुजतं म्हणून पाहिलं, देवाला एका दिव्यापुरतं तेल पुरे म्हणूनही पाहिलं. कोण ऐकतंय! रंगराव तर घरून तेल पाठवायचा. रूळ उखडेपर्यंत गेनबा पहिली ट्रॉली भरायच्या आत उकिडवा बसून राख आणि वाळूने ठोकळा घासायचा. येणारेजाणारे पाहायचे आणि म्हणायचे, काय सेवा करतो बघा देवाची.