कमल मोकळी नाही

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर हसणारा माणूस आहे मी. या ग्रुपवरचे अनुभव वाचतो तेही टाइमपास म्हणून. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच भूत-भानामती आमच्या उंबऱ्याबाहेर गेली, ती परत आली नाही. तरी हे लिहितोय... कारण नोंद माझ्याच अक्षरातली आहे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका आमदार ताईंचा मी पीए. नाव, मतदारसंघ विचारू नका. ताई आधी नर्स होत्या. साखरखेर्ड्याकडच्या वाड्यांवर स्कूटीने फिरून वीस वर्षं बाळंतपणं केली. मग जिल्हा परिषद, मग आमदारकी. मुंबईत त्या मॅडम असतील, इकडे अजून 'सिस्टर'च. विरोधकही चिडून म्हणतात, "अर्धे मतदार तर बाईच्याच हातावर जन्मले, पडन कशी ते?"

नर्सपणाच्या दोन सवयी ताईंनी सोडल्या नाहीत. प्रत्येक नोंदीपुढे वेळ टाकायची. आणि निरोप माणूस बोलला तस्साच लिहायचा, आपली अक्कल लावायची नाही. त्या दिवशी लिहिलं मी बरोबर, पण अक्कलही लावली.

मेहकरजवळ महिला मेळावा होता, दुपारी मंत्री येणार होते. मी सकाळपासून मंडपाच्या दाराशी डायरी घेऊन बसलेलो. एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, एका कानाची पाळी तुटलेली.

"सिस्टरले सांगजो, कमल मोकळी होऊन नाही राह्यली."

मी लिहिलं. वेळ टाकली, १०.४०.

"सांगतलं बरं म्या," जाताना म्हणाली. "येळेवर सांगतलं."

भाषणांच्या यादीत बचत गटाच्या एक कमलताई होत्या. त्यांना सवड नाही असं समजून मी त्यांचं नाव खोडलं आणि कामाला लागलो. बिनलग्नाच्या माणसाला मोकळी म्हणजे रिकामी, एवढंच ठाऊक!

एकच्या सुमारास ताई डबा खाता खाता डायरी चाळत होत्या. घास हातातच राहिला.

"सचिन, हे कोनं सांगतलं तुले?"

"एक म्हातारी होती ताई. त्या बचत गटाच्या कमलताईंना वेळ नाही म्हणे..."

"अबे येड्या, मोकळी नाही म्हंजे सुटका होऊन नाही राह्यली! बाई अडली!" मग एकदम हळू आवाजात, "कानाची पाळी तुटेल होती काय तिची?"

"हाव."

ताई उठल्याच.

"ताई, मंत्री येऊन राह्यले..."

"मंत्र्याले चहा पाजतीन लोक. गाडी काढ."

बाळंतपणाची जुनी पेटी आमदार झाल्यावरही गाडीच्या डिकीत असते. ताईंनी सांगितलेल्या वाडीवर पाऊण तासात पोचलो. वाडी रिकामी... माणसं मेळाव्याला आणायला टेम्पो मीच धाडले होते. शेवटच्या घरात कमल नावाची पोरगी जमिनीवर कळा देत होती, दुसरं बाळंतपण. सासू हातपाय गाळून बसलेली. अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. बाळ पायाळू, पाय आधी आलेले. दवाखाना गाठायला वेळच नव्हता.

मी बाहेर चुलीवर पाणी तापवत होतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तरी हात जोडले, कुणापुढे ते माहीत नाही. मग रडणं ऐकू आलं. खरं सांगतो, मीही रडलो. दोघींना आमच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. मायलेकी ठणठणीत.

परतताना ताई बोलल्या. या कमलला जन्म देतानाच तिची आई गेली होती. वाडीची दाई गोदाबाई स्वतःच्या हातावर भरवसा ठेवून बसली, सिस्टरला बोलावणं फार उशिरा पाठवलं. पुढे जन्मभर भेटेल तेव्हा एकच म्हणायची, "निरोप उशिरा धाडला वो सिस्टर म्या." बाई अडली की 'मोकळी होऊन नाही राह्यली' हा तिचाच ठरलेला निरोप. कानाची पाळी तुटलेली. ती जाऊन पाच वर्षं झाली.

"दुसरी कोणी असेल," मी म्हणालो.

"असन," ताई म्हणाल्या. भगताच्या दारातून बाळंतिणी उचलून दवाखान्यात नेणारी बाई ती, तिलाही ती दुसरीच कोणी असायला हवी होती.

पण सासूने कुणालाच पाठवलं नव्हतं. आणि कळा कधी सुरू झाल्या विचारलं, तर ती म्हणाली, "साडेअकरा झाले असतीन. त्याच्या आधी तं तिनं भाकरी थापल्या, पानी भरलं."

डायरीत १०.४० आहे. घड्याळ तपासलं, बरोबर होतं. तीच ओळ मी पन्नासदा वाचली असेल. गंमत म्हणजे, वेळ जुळत नाही याचा त्रासही होत नाही.

मंत्री थोडे रुसले, बारशाचा पेढा खाऊन हसले. ताईंनी मेळाव्याच्या संध्याकाळीच माझ्याकडून डायरी मागून घेतली होती. माझ्या नोंदीसमोर, उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये लिहायच्या तसं लिहिलं: 'मोकळी झाली. २.१५. मुलगी. दोघी बऱ्या.' पेन बंद केलं. मग परत उघडलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

'निरोप वेळेवर पोचला, गोदाबाई.'